विश्लेषण : घरशाळेत इतिहास-भूगोल शिकवायचा कसा? सातारा-सांगलीचा परिसर पाठ्यपुस्तक कसा होऊ शकतो?

मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवायचे ठरवले, की भाषा आणि गणिताची सोय बहुतेक पालक लवकर लावतात. विज्ञानासाठी प्रयोगांचे साहित्य मिळते, व्हिडीओ मिळतात. गाडी अडते ती इतिहास-भूगोलापाशी. सनावळ्या पाठ करून घ्यायच्या, की गोष्टी सांगायच्या? नकाशा भरून घ्यायचा, की फिरायला न्यायचे? सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत राहणाऱ्या कुटुंबांना या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. मात्र ते शोधताना कायदा, परीक्षा आणि घरातल्या एकांगीपणाचा धोका या तीन गोष्टी माहीत असायला हव्यात.

घरशाळेबाबत कायदा काय सांगतो?

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयोगटातील मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्यासाठीचा शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याच्या कलम १० नुसार मुलाला परिसरातील शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकांना शिक्षा करण्याची तरतूद कायद्यात नाही. घरशाळेचा स्वतंत्र उल्लेख करून तिला मान्यता दिलेली नाही आणि बंदीही घातलेली नाही. त्यामुळे घरशाळा चालवणारे पालक कायद्याच्या संदिग्ध पट्ट्यात वावरतात.

दिलासा देणारी बाजू कलम ४ मध्ये आहे. सहा वर्षांवरील जे मूल शाळेत नव्हते, त्याला त्याच्या वयाला अनुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेले भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही मिळतो. म्हणजे घरशाळेचा प्रयोग मध्येच थांबवावा लागला, तरी परतीची वाट खुली असते.

मग परीक्षेचे काय?

तीन मार्ग आहेत. पहिला, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. तिची दहावीची परीक्षा देण्यासाठी किमान वय १४ वर्षे आहे. दुसरा, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाचा. तेथे पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीला समकक्ष परीक्षा होतात. तिसरा, सर्वांच्या परिचयाचा १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या राज्य मंडळाची दहावी देण्याचा.

इतिहास-भूगोलाच्या दृष्टीने या मार्गांत मोठा फरक आहे. राज्य मंडळाच्या दहावीत इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल टाळता येत नाहीत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात विषय निवडण्याची मुभा आहे. सामाजिक शास्त्र न घेताही मूल दहावी होऊ शकते. ‘परीक्षेला नाही, मग कशाला?’ असे म्हणून हे दोन विषय घरशाळेतून अलगद गळण्याची शक्यता इथेच निर्माण होते. पालकांनी निवड करताना या मुद्द्याचा विचार आधी करावा. परीक्षा नसली तरी मतदार होणाऱ्या, जमीन-पाण्याचे निर्णय घेणाऱ्या माणसाला हे विषय लागतातच.

भूगोलाची सुरुवात कोठून करावी?

पावसापासून. जुन्या महाबळेश्वरात कृष्णा उगम पावते तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत अवघा ६५ किलोमीटरच्या आसपास आहे. पण नदी त्या बाजूला पाठ फिरवते आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश असा सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. का? या एका प्रश्नात सह्याद्रीची धार, पठाराचा पूर्वेकडचा उतार आणि जलविभाजक या तिन्ही संकल्पना येतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला चिखलाचा किंवा कणकेचा उंचवटा करून वरून पाणी ओतायला दिले, तर व्याख्या पाठ करावी लागत नाही.

दुसरा प्रश्न पर्जन्यछायेचा. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात तो जेमतेम पाचशेच्या आसपास असतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढे सांगितले की मूल स्वतःच घराच्या गच्चीवर किती लिटर पडले याचा हिशेब करू लागते. सरळ बाजूंची बाटली आणि पट्टी एवढ्यात घरचे पर्जन्यमापक होते. पाटणला आत्या आणि आटपाडीला मामा असतील, तर त्यांच्याकडेही एकेक बाटली ठेवावी आणि जून ते सप्टेंबर रोज संध्याकाळी फोनवर आकडे घ्यावेत. चार महिन्यांनी मुलाच्या वहीत स्वतः जमवलेला पर्जन्यछायेचा आलेख तयार होतो. या पिकांना पाणी कुठून येते, मेंढपाळ गावे सोडून का जातात, लग्नाची स्थळे पाहताना ‘पाण्याचा भाग आहे का’ असे का विचारतात, हे प्रश्न मग त्याच आलेखातून निघतात.

कृष्णेचा पूर हा धडा कसा होतो?

सांगलीतील आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्याजवळ मोजली जाणारी पाणीपातळी हा पावसाळ्यात शहराच्या जगण्याचा भाग असतो. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत पाणी धोका पातळीच्या बरेच वर गेले. २०१९ मध्ये तर ते ५७ फुटांच्याही वर होते. मुलाने जुलै-ऑगस्टमध्ये रोजची पातळी, कोयनेतून सोडलेले पाणी आणि पाटण-महाबळेश्वरचा पाऊस असे तीन रकाने भरले, तर वर किती पाऊस झाला की खाली किती तासांनी पाणी चढते हे त्याला दिसू लागते. हे आकडे रोजच्या वर्तमानपत्रात येतात.

पूर का येतो, याची उत्तरे अनेक आहेत आणि घरशाळेने ती सगळी मुलासमोर ठेवावीत. कराडला कृष्णेला कोयना मिळते, सांगलीलगत हरिपूरला वारणा, तर पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. थोड्या अंतरात इतके पाणी एकत्र येते. पूररेषेतील बांधकामांनी नदीची जागा घेतली, हेही एक कारण दिले जाते. कर्नाटकातील अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याला सांगली-कोल्हापुरातून विरोध होतो, तर कर्नाटकला ते पाणी कोरडवाहू शेतीसाठी हवे आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला एका दिवशी सांगलीचा शेतकरी आणि दुसऱ्या दिवशी विजापूरचा शेतकरी होऊन बोलायला लावावे. नकाशावरची राज्याची रेघ आणि नदीचे खोरे एकच नसते, हे त्याला त्यातून समजते.

हरिपूरची हळदीची पेवेही याच धड्यात बसतात. नदीकाठच्या जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षे टिकायची. तेथील मातीचा गुण ओळखून पिढ्यांनी उभी केलेली ही साठवण होती. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरले आणि मोठे नुकसान झाले. माती, व्यापार आणि पूर यांचा संबंध एवढ्या थोडक्यात सांगणारे उदाहरण पाठ्यपुस्तकात सहज सापडत नाही.

पाण्याचा हिशेब गणिताशी कसा जोडावा?

कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. बातम्यांत रोज येणारा ‘टीएमसी’ म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३१ कोटी लिटर. आकडा इतका मोठा आहे की मोठ्यांच्याही डोळ्यासमोर काही येत नाही. त्यासाठी २०१६ चे उदाहरण घ्यावे. त्या वर्षी एप्रिलपासून मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी पाठवले गेले. सुरुवातीच्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे ५० टाक्यांची गाडी सुमारे २५ लाख लिटर नेऊ लागली. मग एक टीएमसी पाणी न्यायला अशा किती फेऱ्या लागतील? उत्तर येते सव्वाअकरा हजारांहून अधिक. रोज एक फेरी धरली तर तीस वर्षांपेक्षा जास्त काळ. हे गणित केलेल्या मुलाला धरण म्हणजे काय आणि दुष्काळ म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

लिंब गावची अठराव्या शतकातील बारामोटेची विहीर पाहून आल्यावर पुढचा प्रश्न विचारावा. बारा मोटांनी, बैलांच्या बळावर पाणी किती वर येत होते, आणि आज टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे पंप कृष्णेचे पाणी किती लांब नेतात? आटपाडी, जत, कवठे महांकाळचे बदललेले शिवार आणि या पाण्याला लागणारी वीज, दोन्ही बाजू वहीत याव्यात. मोठ्या मुलांसाठी ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आहे. धरणातील साठा आणि भूकंप यांच्या संबंधाचा अभ्यास जगभरचे शास्त्रज्ञ या भागात करतात. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची त्यासाठीची प्रयोगशाळाही आहे.

इतिहास आणि भूगोल एकत्र कसे येतात?

याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे जिल्ह्याची सीमा. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. तासगाव, वाळवा, खानापूर, शिराळा हा भाग दक्षिणेकडे गेला. त्यात सांगली, मिरज, जत यांसारख्या विलीन संस्थानांचा मुलूख आला. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. आज साताऱ्यात ११ आणि सांगलीत १० तालुके आहेत.

आता त्याच नकाशावर १९४३ ते १९४६ चे प्रतिसरकार ठेवावे. क्रांतिसिंह नाना पाटलांचे येडेमच्छिंद्र, जी. डी. बापू लाडांचे कुंडल, ७ जून १९४३ रोजी जिथे ब्रिटिशांची पगाराची रेल्वे लुटली गेली ते शेणोली, २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि सहकाऱ्यांनी फोडलेला सांगलीचा तुरुंग, या खुणा मुलाने स्वतः कराव्यात. मग संस्थानांच्या सीमा रंगवाव्यात. कुंडल औंध संस्थानात होते आणि सांगली पटवर्धनांच्या संस्थानात. ब्रिटिश पोलिसांचा अमल एका शिवारात चालायचा आणि शेजारच्या शिवारात अडायचा. भूमिगतांना आसरा मिळण्यात या तुकड्यातुकड्यांच्या नकाशाचाही वाटा होता. त्याच औंधच्या राजाने १९३९ मध्ये प्रजेच्या हाती कारभार सोपवणारी घटना लागू केली, हेही त्याच पानावर येते.

पुरावा तपासायला कसे शिकवावे?

साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात १९ जुलै २०२४ पासून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे प्रदर्शनासाठी ठेवण्यात आली. ती पाहायला मोठी गर्दी झाली. अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झाला. ही वाघनखे मात्र १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफच्या घराण्याकडून संग्रहालयाला मिळाली. प्रतापगडावर वापरलेली वाघनखे हीच, याची खात्री करता आलेली नाही, अशी नोंद खुद्द त्या संग्रहालयाचीच आहे. महाराष्ट्रातील इतिहास अभ्यासकांतही यावर वाद झाला.

घरशाळेसाठी ही उत्तम संधी आहे. घटना आणि वस्तू यांच्यामध्ये दीडशेहून अधिक वर्षे आहेत. मधल्या काळात ती कोणाकडे होती? डफला ती कोणी, का दिली? डब्यावरचा मजकूर कधी लिहिला गेला? अशी प्रश्नांची यादी मुलाने करावी. खात्री नाही म्हटल्याने शिवरायांचा पराक्रम उणा होत नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट सांगावे. पराक्रमाचे पुरावे अनेक साधनांत आहेत. प्रश्न फक्त या एका वस्तूचा आहे. आदर आणि शंका एकाच मनात राहू शकतात, हे दहाव्या-बाराव्या वर्षी कळलेले मूल पुढे समाजमाध्यमांवरच्या कोणत्याही ‘इतिहासा’ला सहज फसत नाही.

लहान मुलांसाठी पुरावे घरातच असतात. सातबारा उतारा हा त्यातला पहिला. त्यावर कोणाची नावे आहेत, कोणाची नाहीत, आजीचे नाव कधी लागले, पूर्वी कोणते पीक होते, हे प्रश्न इतिहासाचेच आहेत. देवळाबाहेरचा वीरगळ हा दुसरा. खालच्या पट्टीत लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, ही त्याची भाषा एकदा समजली की मूल प्रत्येक गावात वीरगळ शोधू लागते. तिसरा पुरावा आजी-आजोबांच्या आठवणींचा. १९७२ चा दुष्काळ, कोयनेचा भूकंप, पहिली वीज, पहिली एसटी या विषयांवर त्यांची मुलाखत घ्यावी. मग दुसऱ्या घरातल्या आजोबांनाही तेच प्रश्न विचारावेत. दोघांच्या सांगण्यात फरक निघतो, आणि तो का निघाला हा पुढचा पाठ होतो.

धोका कोठे आहे?

शाळेच्या वर्गात वेगवेगळ्या घरांतून, जातींतून, धर्मांतून आलेली चाळीस मुले असतात. एकाच्या घरी सांगितलेला इतिहास दुसऱ्याच्या घरच्यापेक्षा वेगळा असतो, हे तिथे आपोआप कळते. घरशाळेत शिक्षक, पुस्तक आणि परीक्षक बहुधा एकाच घरातले. त्या घराचा जो ग्रह, तोच मुलाचा इतिहास होतो. गणितात पालकांचे मत आड येत नाही, इतिहासात येते.

यावर उपाय ठरवून करावा लागतो. प्रत्येक विषयासाठी किमान दोन साधने आणि घराबाहेरचा एक माणूस, हा साधा नियम ठेवता येतो. प्रतिसरकार शिकताना त्याच्या लोकन्यायालयांनी दिलेल्या कठोर शिक्षाही सांगाव्यात. ‘पत्री सरकार’ हे नाव कसे पडले याच्या वेगवेगळ्या हकिकती सांगितल्या जातात, त्या तपासायला द्याव्यात. सातारा शिकताना अजिंक्यतारा आणि १७०८ चा शाहू महाराजांचा राज्याभिषेक यांच्याबरोबर खंडाळा तालुक्यातील नायगावही यावे, जिथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले जन्मल्या. महिन्यातून दोनदा इतर मुलांबरोबर, शक्यतो वेगळ्या पार्श्वभूमीच्या, किल्ला किंवा नदी पाहायला जावे. गावच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकांना विनंती केली, तर सहलीत घरशाळेतील मूलही सामील होऊ शकते.

कोणत्या वयात काय शिकवावे, साधने कोणती?

सहा ते आठ वर्षे : घर, गल्ली, बाजार, दिशा. हाताने काढलेला घरापासून दुकानापर्यंतचा नकाशा, आणि कुटुंबाच्या चार पिढ्यांची कालरेषा. नऊ ते अकरा : तालुका, नदी, किल्ला, शिवकाल. पाऊस आणि पाणीपातळीच्या नोंदी. बारा ते चौदा : पुरावा, सीमा, पाणीवाद, स्वातंत्र्यलढा आणि तेथून देश व जग.

परिसरापाशीच थांबून चालणार नाही. बालभारतीच्या पुस्तकांत सहावीत प्राचीन भारत, सातवीत मध्ययुगीन भारत आणि आठवीत आधुनिक भारत असा क्रम राहिला आहे. दहावीच्या भूगोलात भारताची ब्राझीलशी तुलना केली आहे. घरशाळेने हा क्रम समोर ठेवला, तर पुढे शाळेत परतताना किंवा १७ नंबरचा अर्ज भरताना मोठी पोकळी राहत नाही. ही पुस्तके ई-बालभारतीवर मोफत मिळतात. वाईत ज्याचे काम उभे राहिले तो मराठी विश्वकोश ऑनलाइन वाचता येतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा साताऱ्यावरचा १९ वा खंड १८८५ चा. त्यातील आपल्या गावाची नोंद काढून आजच्या गावाशी ताडून पाहणे हा एका आठवड्याचा प्रकल्प होतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे आणि इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ भूगोलासाठी उपयोगी आहे. तुफान सेनेतील सैनिकांच्या आठवणी ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहावर वाचता येतात. औंधचे श्री भवानी संग्रहालय एका दिवसाच्या सहलीसाठी पुरेसे आहे.

निर्णय घेण्यापूर्वी कोणती गोष्ट लक्षात घ्यावी?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यातील तेव्हाच्या सरकारी शाळेत, आताच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. शाळेने ती नोंद जपून ठेवली आहे आणि राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. १९२४ मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह चालवले. शाळेच्या दारातून आत जाणे हाच या जिल्ह्यात अनेकांसाठी लढा होता. ऊसतोडणीसाठी दरवर्षी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांसाठी तो आजही पूर्ण संपलेला नाही.

म्हणून घरशाळा निवडणाऱ्या कुटुंबाने, ती मोकळीक आपल्याला कशामुळे परवडते, हे मुलाला सांगायला हवे. घरी वेळ देऊ शकणारे पालक, पुस्तके, इंटरनेट, फिरायला गाडी हे सगळ्यांकडे नसते. प्रतापसिंह हायस्कूलची ती नोंद आणि सातबारा शेजारी ठेवून वाचायला दिले, तर कोणाला काय, केव्हा आणि कशाच्या बळावर मिळाले, हा प्रश्न मूल स्वतःच विचारेल. तो प्रश्न विचारता येणे, एवढी कसोटी घरच्या इतिहास-भूगोलाला लावली तरी पुरे.